मुळशीच्या आकाशातले चालते तारे

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातील गोष्ट. दिवेलागण होऊन पाऊण तास झाला असेल. मुळशी धरणाच्या काठी असलेल्या आमच्या गावात मारुतीच्या पारावर नेहमीची मंडळी बसली होती. मीही सुट्टीसाठी घरी आलो होतो. एवढ्यात कोणीतरी ओरडले, "अरे, वर बघा, वर!" ताम्हिणीच्या अंगाने प्रकाशाच्या ठिपक्यांची एक सरळ रांग आकाशात चढत होती. एकाच्या मागे एक, चाळीस तरी ठिपके असतील. आवाज नाही, उघडझाप नाही. रांग डोक्यावरून गेली, पूर्वेकडे उतरू लागली आणि तिचे ठिपके पुढून एकामागून एक नाहीसे होत गेले. थोड्याच वेळात आकाश पूर्वीसारखे झाले. पार मात्र पूर्वीसारखा राहिला नाही.

कोणी म्हणाले, क्षेपणास्त्रे आहेत. कोणाच्या मोबाइलवर तेवढ्यात 'शत्रूची विमाने' असा निरोपही येऊन पडला. आमची आजी ओसरीवरून उठून आली आणि म्हणाली, "स्कायलॅबच्या वेळी असंच म्हणत होते, बाबा. पोरांना आत घ्या." मी त्या वेळी महाविद्यालयात नुकताच दाखल झालो होतो, परंतु उपग्रह पाहण्याचा नाद मला त्याआधीच वर्षभर लागला होता. मी मोबाइलमध्ये वेळापत्रक पाहिले आणि जरा मोठ्यानेच म्हणालो, "तात्या, ते उपग्रह आहेत. उद्या संध्याकाळी सहा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी हीच रांग पुन्हा येईल."

तात्यांनी तंबाखू मळता मळता उत्तर दिले, "येऊ दे. नाही आली तर तुझी दुर्बीण धरणात टाकू."

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी काय झाले ते शेवटी सांगेन. त्याआधी या नादाची थोडी ओळख माझ्या सहाध्यायांना करून द्यावी, म्हणून हा लेखप्रपंच. कला शाखेच्या विद्यार्थ्याने या वाटेला जाऊ नये असे काही नाही. यासाठी गणिताची भीती घालविणारी थोडी चिकाटी, एक वही आणि काळोख एवढे भांडवल पुरते.

उजेड कोणाचा?

पहिला प्रश्न साहजिकच असा, की रात्रीच्या आकाशात उपग्रह दिसतो तरी कसा? त्याला दिवा लावलेला नसतो. याचे उत्तर मुळशी खोऱ्यात राहणाऱ्याला पुस्तकात शोधावे लागत नाही. संध्याकाळी खोऱ्यात अंधारून येते, घराघरांत दिवे लागतात. परंतु घनगडाच्या माथ्यावर अजून पिवळे ऊन रेंगाळत असते. आपल्यापुरता सूर्य मावळलेला असतो, माथ्यापुरता नसतो. हाच माथा चारशे किलोमीटर उंच आहे अशी कल्पना करा. त्याच्यावरचे ऊन आपल्याकडे पूर्ण रात्र झाली तरी जाणार नाही. उपग्रह म्हणजे असा एक उन्हात असलेला माथा. आपण अंधारात उभे राहून त्याच्यावर पडलेले ऊन पाहत असतो.

यावरूनच तो कधी दिसेल हेही ठरते. आपल्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे साडेअठरा अंश उत्तरेस, सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. डोक्यावरून जाणारा ४०० किलोमीटर उंचीचा उपग्रह सूर्यास्तानंतर साधारण ८५ मिनिटांपर्यंत उन्हात असतो. उंची १००० किलोमीटर असेल तर हा अवधी दोन तासांच्या थोडा पुढे जातो. त्यानंतर तो पृथ्वीच्या छायेतून जातो आणि डोक्यावर असूनही दिसत नाही. म्हणून आपल्याकडे उपग्रह पाहण्याच्या वेळा दोनच: संध्याकाळचे दीड-दोन तास आणि पहाटेचे तितकेच. इंग्लंडसारख्या उत्तरेकडील देशांत उन्हाळ्यात सूर्य रात्रभर क्षितिजाच्या थोडाच खाली असतो. तेथे मध्यरात्रीही उपग्रह दिसतात. आपल्याला ती चैन नाही. शिवाय जून ते सप्टेंबर या दिवसांचे मुळशीत नावच काढू नये. ताम्हिणीचा पाऊस सुरू झाला, की आम्हांला सूर्यच दिसत नाही, तेथे उपग्रहांची काय कथा? ऑक्टोबर ते मे हा आमचा हंगाम.

पारावरच्या मंडळींनी पाहिलेले ठिपके पूर्वेकडे एकेक करून नाहीसे झाले, त्याचे कारणही हेच. सूर्य पश्चिमेला बुडाला, की पृथ्वीची छाया पूर्वेकडून वर चढू लागते. ठिपके विझले नव्हते. ते त्या छायेत शिरले होते. ग्रहण लागले, की पृथ्वीची छाया चंद्रावर पडते हे आपण शाळेत शिकतो. ती छाया रोज संध्याकाळी आपल्या डोक्यावर असते आणि एखादा उपग्रह तिच्या काठावर लाल होत होत मावळतो, हे मला द्विनेत्रीने शिकविले. तो तांबूस रंग काठावर क्षणभरच असतो. उपग्रहाच्या दृष्टीने तो सूर्यास्तच असतो.

साधन कोणते?

साध्या डोळ्यांनीही बरेच उपग्रह दिसतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक तर कधीकधी शुक्राशी स्पर्धा करते. पण साधा डोळा चांगल्या काळोखात सहाव्या प्रतीपर्यंतचेच तारे पाहू शकतो. द्विनेत्री दुर्बीण, जिला आपण बायनॉक्युलर म्हणतो, ती हाती आली की दृष्टी नवव्या प्रतीच्या आसपास पोचते आणि आकाशातील वर्दळ एकदम वाढते.

माझी द्विनेत्री पुण्याच्या जुन्या बाजारात घेतलेली आहे. तिच्यावर १०×५० असे लिहिले आहे. पहिला आकडा मोठे करून दाखविण्याचा: वस्तू दसपट जवळ भासते. दुसरा आकडा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा: ५० मिलिमीटर. आपल्यासाठी महत्त्वाचा आकडा दुसरा. अंधारात आपली बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. म्हणजे ५० मिलिमीटरचे भिंग डोळ्याच्या सुमारे पन्नासपट प्रकाश गोळा करते. ७×५० ही त्याहून सोयीची, कारण तिच्यात हाताचा कंप कमी जाणवतो. मोठ्या दुर्बिणीचा मोह धरू नये. तिच्यात आकाशाचा इतका लहान तुकडा दिसतो, की धावता उपग्रह सापडण्याआधीच निघून जातो. माझ्या द्विनेत्रीत साडेसहा अंशांचे आकाश मावते, म्हणजे तेरा पूर्णचंद्र एका ओळीत बसतील इतके.

उभे राहून पाहू नये. मान अवघडते आणि हात थरथरतात. अंगणात बाज टाकावी, गोधडी घ्यावी आणि कोपर छातीला टेकवून पाहावे. डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला वीस मिनिटे लागतात. तेवढ्यात मोबाइलचा पडदा एकदा जरी पाहिला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

ओळख कशी पटवावी?

सुरुवातीला मी जे जे हलते ते उपग्रह म्हणून वहीत नोंदवीत असे. पहिल्या आठवड्यातील अकरा नोंदींपैकी सात विमाने होती, हे नंतर कळून मी खजील झालो. विमानाला लाल-हिरवे दिवे असतात, ते मिचमिचतात आणि कान दिला तर घरघर ऐकू येते. उल्का एक-दोन सेकंदांत संपते. उपग्रह तीन ते सहा मिनिटे संथपणे, बिनआवाज चालत राहतो.

त्यांच्या चालीवरूनही बरेच काही कळते. बहुसंख्य उपग्रह पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात, कारण पृथ्वी त्याच दिशेने फिरते व प्रक्षेपणाला तिची गती फुकट मिळते. विषुववृत्तावर ही गती सेकंदाला सुमारे ४६५ मीटर आहे. उत्तर-दक्षिण जाणारे बहुधा पृथ्वीचे निरीक्षण करणारे असतात. आपल्या कार्टोसॅटची जात हीच. ध्रुवांवरून फिरताना खाली पृथ्वी वळत राहते आणि हळूहळू सगळा गोल त्यांच्या नजरेखालून जातो. एखादा ठिपका ठरावीक अंतराने उजळतो आणि मंदावतो. तो बहुधा उपग्रह नसून त्याला वर सोडून आलेला रिकामा अग्निबाण असतो, गडगडत फिरणारा. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोडलेला स्पुटनिक आपण पाहिला असे जगभरच्या लोकांनी सांगितले. परंतु अवघ्या ५८ सेंटिमीटर व्यासाचा तो गोल साध्या डोळ्यांना जेमतेमच दिसला असता. लोकांनी पाहिला तो बहुतांशी त्याच्यामागून फिरणारा अग्निबाणाचा सांगाडा.

मुळशीकरांनी अभिमान बाळगावा असा एक पाहुणा म्हणजे हबल दुर्बीण. १९९० साली सोडलेली ही दुर्बीण विषुववृत्ताशी २८.५ अंशांचा कोन करून फिरते. म्हणजे त्याहून जास्त अक्षांशावर ती कधी डोक्यावर येत नाही. लंडनमध्ये राहणाऱ्याला ती उभ्या जन्मात आपल्या घरावरून दिसणार नाही. आमच्या अंगणावरून मात्र ती थेट डोक्यावरून जाते. जिने साऱ्या जगाला दूरच्या दीर्घिकांची चित्रे दाखविली, ती स्वतः एका साध्या ठिपक्यासारखी दिसते!

याउलट, पुण्याचा म्हणून जो उपग्रह, तो मात्र मला कधी दिसला नाही व दिसणारही नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी तयार केलेला 'स्वयम्' २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून इतर एकोणीस उपग्रहांबरोबर वर गेला. वजन सुमारे एक किलो, आकार दहा सेंटिमीटरचा ठोकळा. पाचशे किलोमीटरवरचा एवढा ठोकळा माझ्या द्विनेत्रीच्या आवाक्याबाहेरचा आहे. तो पुण्याच्या मुलांनी केला, एवढ्यावर समाधान मानले.

वही आणि घड्याळ

नुसते पाहणे आणि नोंदणे यांत पुष्कळ फरक आहे. नोंदीची रीत अशी. उपग्रहाच्या मार्गाचा अंदाज घ्यावयाचा आणि त्याच्या पुढे जाऊन दोन ओळखीच्या ताऱ्यांवर द्विनेत्री रोखून थांबावयाचे. त्याचा पाठलाग करावयाचा नाही. वाघाची वाट जशी पाणवठ्यावर पाहतात तशी पाहावयाची. उपग्रह त्या दोन ताऱ्यांना जोडणाऱ्या कल्पित रेषेवर आला, की स्टॉपवॉच दाबावयाचे आणि रेषेचे त्याने कोणते भाग केले ते मनाशी ठरवावयाचे: अर्धे-अर्धे, की एकास दोन? मग नकाशावर ती जागा खुणेने दाखवावयाची आणि वेळ लिहावयाची. स्थानक डोक्यावरून जाताना सेकंदाला साधारण एक अंश चालते. माझ्या द्विनेत्रीचे क्षेत्र ते सहा-सात सेकंदांत ओलांडते. हजार किलोमीटर उंचीचा उपग्रह तेवढ्याच क्षेत्रात पंधरा सेकंद सापडतो. वेग पाहून उंचीचा अंदाज येतो तो असा.

वेळेची किंमत मला येथे कळली. स्थानकाचा वेग सेकंदाला सुमारे ७.६६ किलोमीटर आहे. म्हणजे एक दशांश सेकंदाची चूक ही पाऊण किलोमीटरची चूक. माझे पहिले महिनाभराचे टिपण फुकट गेले, कारण ज्या मनगटी घड्याळावर विसंबलो ते दोन मिनिटे मागे होते. त्या हिशेबाने माझे उपग्रह नऊशे किलोमीटर पुढे गेले होते.

अशा नोंदींना एके काळी शास्त्रज्ञांच्या दरबारात मान होता. अमेरिकेतील फ्रेड व्हिपल यांनी १९५६ साली हौशी लोकांची 'मूनवॉच' नावाची योजना सुरू केली. ती १९७५ पर्यंत चालली. उपग्रहांच्या माग काढणाऱ्या बेकर-नन कॅमेऱ्यांची बारा ठाणी जगभर उभी राहिली, त्यांतील एक आपल्या नैनितालला होते. 'व्हॅन्गार्ड-१' हा १९५८ साली सोडलेला, जेमतेम दीड किलोचा उपग्रह. त्याच्या कक्षेच्या बारीक अभ्यासावरून १९५९ साली ध्यानात आले, की पृथ्वी नुसती ध्रुवांपाशी चपटी नाही, तर किंचित पेरूसारखी, एका टोकाला निमुळती आहे. इंग्लंडमधील केटरिंग येथील शाळेत जेफ्री पेरी हे भौतिकशास्त्राचे शिक्षक होते. त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी उपग्रहांचे रेडिओसंदेश ऐकून, वेळा मांडून, १९६६ साली सोव्हिएत रशियाचे प्लेसेत्स्क येथील जाहीर न केलेले प्रक्षेपणस्थळ ओळखून काढले. शाळेतल्या मुलांच्या वह्यांनी हे केले, हे वाचल्यापासून मी माझ्या वहीला कव्हर घालू लागलो.

एक प्रयोग

गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही एक प्रयोग केला. माझा एक वर्गमित्र बारामतीचा आहे. मुळशी धरण ते बारामती हे सरळ रेषेतील अंतर सुमारे १२० किलोमीटर. आम्ही ठरविले, की वायव्येकडून आग्नेयेकडे जाणाऱ्या अंतराळ स्थानकाच्या एका फेरीत, दोघांनी आपापल्या गच्चीवरून एकाच क्षणी ते कोठे दिसते ते नोंदवावयाचे. फोन कानाशी ठेवून मी उलटे आकडे मोजत होतो: पाच, चार, तीन... 'आता' म्हणताच दोघांनी जागा टिपली. मला ते जवळजवळ डोक्यावर, अश्विनी नक्षत्रापाशी दिसले. त्याला त्याच क्षणी ते बरेच पश्चिमेला सरकलेले, उत्तरा भाद्रपदेच्या दिशेला दिसले. नकाशावर दोन जागांतील कोन मोजला तो साडेसतरा अंश भरला.

हाताचा अंगठा पुढे धरून एक डोळा मिटला आणि मग दुसरा मिटला, तर अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे सरकल्यासारखा वाटतो. अंगठा जितका जवळ, तितका जास्त सरकतो. आमचे दोन डोळे म्हणजे मुळशी आणि बारामती, आणि मागची भिंत ताऱ्यांची. १२० किलोमीटर पाया आणि साडेसतरा अंशांचा कोन धरून कागदावर त्रिकोण काढला, तेव्हा उंची ३८० किलोमीटर आली. खरी उंची सुमारे ४२० किलोमीटर आहे. कोन सोळा अंश यावयास हवा होता; आमची दोघांची मिळून दोनएक सेकंदांची गडबड झाली होती. आमच्या भूगोलाच्या सरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "चूक कितीची आहे हे सांगता येतं, म्हणजे तुम्ही मोजलंत." परीक्षेतील गुणांनी मला जो आनंद कधी दिला नाही तो या वाक्याने दिला.

जे चालतच नाहीत

गावातील प्रत्येक घरावर टीव्हीची थाळी आहे आणि सगळ्या थाळ्यांची तोंडे दक्षिणेकडे, किंचित पूर्वेला आहेत. त्या कोणाकडे पाहतात? विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असलेल्या उपग्रहांकडे. एवढ्या उंचीवर एका फेरीला पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीइतकाच वेळ लागतो; त्यामुळे ते आकाशात टांगून ठेवल्यासारखे भासतात. आपल्या जिल्ह्याचा या उपग्रहांशी संबंध जुना आहे. नारायणगावाजवळ आर्वी येथे १९७१ साली देशातील पहिले व्यापारी उपग्रह-भूकेंद्र सुरू झाले व त्याला विक्रम साराभाईंचे नाव देण्यात आले. पावसाळ्यात बातम्यांत ढगांची जी चित्रे दाखवितात, ती घेणाऱ्यांपैकी 'इन्सॅट-३डीआर' हा उपग्रह ७४ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे आमच्यासाठी जवळजवळ थेट दक्षिणेला, डोक्यापासून सुमारे बावीस अंश खाली असतो.

एरवी हे उपग्रह द्विनेत्रीत दिसण्याइतके तेजस्वी नसतात. पण मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या आरंभी, काही रात्री, सूर्य, त्यांची सौरपत्रे आणि आपण यांचा कोन जुळतो व त्यांतील काही थोडा वेळ झळकतात. गेल्या मार्चमध्ये रात्री बाराच्या सुमारास मी द्विनेत्री खुर्चीच्या पाठीला सुतळीने बांधून उत्तरा फाल्गुनीच्या बरेच खाली, दक्षिणेला रोखली. सगळे तारे हळूहळू पश्चिमेकडे सरकत होते, चार मिनिटांत एक अंश या ठरल्या चालीने. त्यांच्यात एक ठिपका मात्र जागचा हलत नव्हता. आजवर मी हलणाऱ्या ठिपक्यांच्या मागे होतो; त्या रात्री न हलणारा ठिपकाच परका ठरला. काही मिनिटांनी तो छायेत शिरून मावळला.

पडण्याची भीती

आता आजीच्या भीतीकडे वळतो. अमेरिकेची स्कायलॅब ही अंतराळ प्रयोगशाळा ११ जुलै १९७९ रोजी कोसळली. ती कोठे पडेल हे आधी नेमके सांगता येत नव्हते आणि आपल्याकडे खेड्यापाड्यांत घबराट उडाली होती. आमच्या घरी आजोबांनी म्हणे, 'आता मरायचंच आहे तर उपाशी का?' म्हणून राखून ठेवलेला कोंबडा कापला. स्कायलॅबचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. कोंबडा मात्र फुकट गेला, असे आजी अजून सांगते.

ही भीती निव्वळ भाबडी होती असे मी म्हणणार नाही. २ एप्रिल २०२२ रोजी, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून आकाशात जळती रेघ दिसली आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ धातूचे एक मोठे कडे येऊन पडले. ते चिनी अग्निबाणाच्या एका टप्प्याचे अवशेष असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब.

उपग्रह पडतो तो का? चारशे-पाचशे किलोमीटरवरही वातावरणाचा अगदी विरळ अंश असतो. त्याचे घर्षण कक्षेला हळूहळू खाली ओढते; जितके खाली यावे तितके घर्षण अधिक. शेवटी दाट हवेत शिरला, की तो जळतो. लहान उपग्रह पूर्ण जळतात, मोठ्या सांगाड्यांचे जड भाग उरतात. म्हणजे भीतीला जागा आहे. पण ती कोठे आहे आणि कोठे नाही, हे ओळखता आले पाहिजे. पारावरून दिसलेली रांग पडत नव्हती. ते अमेरिकेतील स्पेसएक्स कंपनीचे, इंटरनेट पुरविणारे स्टारलिंक उपग्रह होते. मे २०१९ मध्ये असे पहिले साठ एकाच वेळी सोडण्यात आले आणि तेव्हापासून ही गाडी जगभर दिसू लागली. नवे असताना ते एकमेकांना लागून चालतात, मग स्वतःच्या बळावर वर चढत पांगत जातात. पडणाऱ्या वस्तूच्या मागे आगीची शेपटी असते आणि ती तुटत जाते. चालणाऱ्याला शेपटी नसते. एवढा एक फरक ठाऊक असता तरी त्या रात्री पोरांना आत घेण्याची वेळ आली नसती.

तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पारावर नेहमीपेक्षा दुप्पट माणसे जमली. आजी पाट घेऊन बसली होती. सहा अठ्ठावन्न झाले, काही नाही. सहा एकोणसाठ, काही नाही. सात वाजले तेव्हा तात्यांनी माझ्या गळ्यातील द्विनेत्रीकडे पाहिले. नव्याने सोडलेल्या उपग्रहांच्या कक्षा रोज बदलतात व वेळापत्रक काही मिनिटांनी चुकू शकते, हे मला ठाऊक होते. पण त्या वेळी ते सांगण्याचे धाडस मला झाले नाही. सात वाजून एक मिनिटाने ताम्हिणीवर पहिला ठिपका चढला. आदल्या दिवसापेक्षा रांग लांबली होती, ठिपके विरळ झाले होते. मी म्हणालो, "आता डोक्यावरून पुढे जातील आणि पूर्वेला छायेत शिरतील." ते शिरले. कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत. तात्या एवढेच म्हणाले, "तीन मिनिटं उशीर." मग त्यांनी द्विनेत्री मागून घेतली आणि तिच्यातून बराच वेळ चंद्र पाहिला.

त्या तीन मिनिटांनी मला एक गोष्ट शिकविली. 'घाबरू नका' असे नुसते सांगून भीती जात नाही. उद्या काय दिसेल ते आधी सांगावे, लोकांसमोर सांगावे आणि चुकण्याची जोखीम घ्यावी, तेव्हा कोठे ऐकणारा विश्वास ठेवतो. अफवा कधी वेळ सांगत नाही. माहिती वेळ सांगते, आणि चुकली तर कितीने चुकली तेही सांगते.

पूर्वेचा उजेड, पश्चिमेचा अंधार

शेवटी एक खंत. मुळा नदीवरचे आमचे धरण मुंबईला वीज मिळावी म्हणून बांधले गेले. त्यासाठी गावे पाण्याखाली जाणार म्हणून १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला, हे आपण इतिहासात वाचतो. धरणाचे पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरते आणि वीज होते. दुसऱ्यांच्या दिव्यांसाठी आमची जमीन गेली. पण त्या बदल्यात म्हणा किंवा दुर्लक्षामुळे म्हणा, काळोख आमच्यापाशी उरला. आता तोही कमी होत चालला आहे. पूर्वेला पिरंगुट, हिंजवडी आणि त्यापलीकडे पुणे यांचा उजेड आकाशात पिवळ्या घुमटासारखा उभा राहतो. काठावरच्या एका विश्रामस्थळाचे झोतदिवे तर रात्रभर आकाशाकडे तोंड करून जळतात. त्यांनी उजळावयाचे तेथे काहीच नसते. आणि संध्याकाळी पृथ्वीची छाया वर चढते ती नेमकी पूर्वेला! त्यामुळे मावळते उपग्रह छायेच्या काठावर तांबूस होताना पाहण्याची जागाच उजेडाने बुजविली आहे. माझ्या वहीत पहिल्या वर्षी छायेत शिरण्याच्या नोंदी पुष्कळ आहेत. या वर्षी थोड्या. उपग्रह तर दरवर्षी वाढतच आहेत.

पण वही चाळता चाळता एक वाट सापडली. पहाटे सगळे उलट असते. सूर्य पूर्वेला क्षितिजाखाली असतो आणि पृथ्वीची छाया पश्चिमेला, सह्याद्रीवर उतरलेली असते. पश्चिमेला घाट आहे, त्याखाली कोकण. मोठे शहर जवळ नाही. त्या बाजूने येणारा उपग्रह छायेतून बाहेर पडतो तो पाहण्यासारखा असतो. काळ्या आकाशात, जेथे काहीच नव्हते तेथे, एक तांबूस ठिपका उमटतो, पांढरा होतो आणि आपल्याकडे चालू लागतो. माझ्या हिवाळ्यातील नोंदी आता बहुतेक पहाटेच्या आहेत. थंडीत पाच वाजता उठावे लागते, एवढीच काय ती अडचण.

पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालापासून हौशी लोकांना आकाशाची गोडी लावीत आली आहे. ज्यांना ताऱ्यांची ओळख करून घ्यावयाची आहे त्यांनी तेथे जरूर जावे. आपल्या महाविद्यालयातील कोणाला पहाटेची गंमत पाहावयाची असेल, तर आमच्या अंगणात चार बाजा मावतात. द्विनेत्री एकच आहे, ती आळीपाळीने मिळेल. घड्याळ मात्र प्रत्येकाने बरोबर लावून आणावे. तात्याही येतात हल्ली. त्यांना हबल फार आवडते, पण त्यांचे म्हणणे असे की ती नेहमी उशिरा येते.